महेशच्या रजेचा नवस

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

नातू झाला आणि आमच्या महेशनं कामावर जायचंच सोडलं. चादरींचं लहानसं दुकान ते, शेठ आणि हा, दोघंच. हा आपला दिवसभर घरात लंगोट धुतोय. मला वाटलं, नोकरी गेली! बाळंतिणीच्या घरात असलं विचारायचं तरी कसं? देवापुढं बसले आणि बोलले, "शेठना सुबुद्धी दे, सोळा सोमवार करते."

दुसऱ्याच दिवशी शेठ दारात!

"महेश, लग्नसराई हाय, मी एकटा पुरत न्हाय. उद्यापासून ये की."

मी आनंदानं त्यांच्या हातावर साखर ठेवली आणि नवसाचंही सांगून टाकलं. सूनबाई रडवेली झाली.

"आई, नोकरी गेलीच नव्हती! ह्यांना बाळासाठी भरपगारी रजा दिलीय शेठनी. माझे टाके अजून ओले आहेत, बाळाला उचलणार कोण?"

शेठ ओशाळले. "ऱ्हाऊ दे महेश, घरीच थांब. काकू, सोमवार तेवढे चालू ठेवा. फकस्त मला बदली माणूस मिळू दे म्हणा."

मी हो म्हणून बसले. पण एकदा केलेलं मागणं देव बदलून घेतो का हो?