पट्टा तोच

हडपसरच्या दवाखान्यात उत्कर्षा नंबराची वाट बघत होती. शेजारी अर्धांगातून उठलेल्या मुक्ताबाई बसल्या होत्या. इंजिनिअर त्यांच्या गुडघ्याखाली पाऊल उचललं जावं म्हणून विजेचे हलके झटके देणारा पट्टा बांधत होता.

“अरं, ह्यो तर जुनाच हाय!”

“पट्टा तोच, मावशी. आतला प्रोग्रॅम तेवढा बदललाय.”

“त्यानं काय हुतंय?”

“आधी करंट आजूबाजूच्या नसांनाही जायचा, म्हणून पाऊल बाहेर वळायचं. आता हव्या त्याच नसेला जाईल. चाला बघू.”

मुक्ताबाई दारापर्यंत जाऊन आल्या.

“पाऊल सरळ पडतंय की रं!”

“मग रडताय कशाला? दुखतंय का?”

“न्हाई. आजारी पडल्यापासनं आज पहिल्यांदा चप्पल पायात ऱ्हायली, बाबा.”

उत्कर्षानं पदर डोळ्यांना लावला, तेव्हा तिचाच नंबर पुकारला जात होता.