आधी हात कोणी वर करायचा

संशोधन मंडळाच्या उपाहारगृहात, चहाच्या रांगेत माझ्यापुढे मानसशास्त्राच्या निधी समितीतल्या एक मॅडम आणि एक सर उभे होते.

"मॅडम, त्या मुलीचा प्रस्ताव तुम्ही पाडलात, ते जरा लागलं हो मला."

"मी पाडला? तुमचा हात खाली दिसला, म्हणून मी माझा वर केला नाही."

"मी तुमच्याकडेच बघत होतो! तुम्ही चष्मा पुसत बसलात."

"चष्मा पुसणं म्हणजे विरोध का?"

"विषय तर झकास होता. माणसं चारचौघांत मनाविरुद्ध मान का डोलावतात."

"आणि किती राबलीय पोरगी! पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसत नाही. म्हणजे कायमचंच संपलं."

"मग अध्यक्षांना सांगू या. बैठक अजून संपली कुठे?"

"सांगा ना. मी आहे तुमच्या पाठीशी."

"छे, तुम्ही ज्येष्ठ. तुम्ही सुरुवात करा, मी री ओढतो."

"गप्प बसा, आलेच अध्यक्ष."

"काय खलबतं चाललीत?"

"काही नाही, साहेब. चहाला रांग फार."

"बरं, तो मान डोलावण्याचा प्रस्ताव. मला तसा बरा वाटला होता. फेरविचार करायचा का?"

"तुम्ही म्हणाल तसं, साहेब."

"मॅडम, तुम्ही?"

"साहेब म्हणतील ते योग्यच असेल."

"म्हणजे तुम्हा दोघांचा काही आग्रह दिसत नाही. मग राहू द्या."

"राहू द्या."

"हो, राहूच द्या."

"ती बाहेर बाकावर बसलीय. तिला कोण सांगतंय?"

तेवढ्यात चहा हातात आला आणि तिघंही आपापल्या चहातली साखर ढवळू लागले.