विमानाला बांधलेलं लिंबू

हसा खुशाल, पण माझ्या विमानाला लिंबू-मिरची लागते. थर्माकोलचं ते विमान मीच कात्रपच्या घरी गॅलरीत बसून बनवलं. चिखलोलीच्या मोकळ्या प्लॉटवर सोडलं, की नाक वर करायचं, क्षणभर थबकायचं आणि शेपटीवर धप्पकन आपटायचं. शेपूट जड होतंय, हे मला कळत होतं. पण नाकात नेमकं किती वजन भरायचं, याचं गणित चाललं होतं.

एका शनिवारी बायको सोबत आली आणि तिने सरळ नाकालाच लिंबू-मिरची बांधली. "अहो, कॉलनीची नजर लागलीये त्याला."

सोडलं, तर विमान संथ, सरळ, थेट प्लॉटच्या पार!

"बघितलंत?"

"अगं, नजर कसली! नाकाला वजन मिळालं, बॅलन्स जमला. शास्त्र आहे ते."

"बरं, शास्त्र तर शास्त्र."

पंधरा दिवसांनी ऑफिसच्या मित्रांना मोठ्या तोऱ्यात शास्त्र दाखवायला नेलं. विमानाने सगळ्यांदेखत नाक वर केलं आणि शेपटीवर आपटलं. उचलून बघतो, तर लिंबू सुकून पार हलकं झालेलं!

घरी येऊन सांगितलं, तर कणीक मळता मळता ही म्हणते, "मग? दर शनिवारी नवं बांधायचं असतं. एवढंही नाही तुमच्या शास्त्रात?"