सुपारीची शाळा

मीनाक्षी : कपाटात नाही, ट्रंकेत नाही, माळ्यावरही नाही. आई, माझी सुपारीची शाळा कुठाय?

श्यामला : असेल गं इथंच. एवढं तोरण संपू दे, मग बघते. इचलकरंजीचं रुखवत दुपारी न्यायला येणार आहेत.

मीनाक्षी : परवा माझी हळद आहे.

श्यामला : माहीत आहे मला. आई आहे मी तुझी.

(कोल्हापूर, मंगळवार पेठ. १९७६ चा वैशाख, सकाळचे नऊ. लोकांच्या लेकींच्या रुखवतांनी खोली अशी भरलीय की पाय ठेवायला जागा नाही. श्यामलाबाई इतक्या दमल्यात की उभ्याउभ्या झोप लागेल. पण कुणी विचारलं तर म्हणतील, कुठं काय. सुई काही त्यांनी अजून खाली ठेवलेली नाही. सोबत कामाला जुन्या जोडीदारीण बाळाबाई आहेत.)

मीनाक्षी : तीन वर्षं करत होते मी ती. नऊ पोरं, फळा, आणि खुर्चीत बसलेले बाबा. लग्नाला बाबा नाहीत, निदान रुखवतात तरी असावेत. एवढंच मागितलं होतं मी या घराकडं.

बाळाबाई : मीने, आदी च्या घे. मग बोलू.

मीनाक्षी : बाळामावशी, तुम्ही मधे पडू नका. समोरच्या आक्का काल गारगोटीच्या लग्नाला गेल्या होत्या. आईनं ज्यांचं रुखवत केलं, त्यांच्याच. आज सकाळी मला सांगतात, काय सुरेख शाळा केलीय गं तुझ्या आईनं, त्यातले मास्तर तर हुबेहूब आपले दत्तोपंत.

श्यामला : गारगोटीला शाळा होती खरी. नवरा मुलगा हायस्कुलात मास्तर, म्हणून त्यांनी मुद्दाम मागितली होती. पण ती तर बाळाबाईंनी...

बाळाबाई : मी भरली. खोक्यात मीच भरली ती, मीने. मला सांगितल्याली करायची ऱ्हायलीती, घाईत तुजी हाताला लागली, दिली घालून. माजं चुकलं. काय बोलायचं ते मला बोल.

मीनाक्षी : तुम्ही भरलीत?

बाळाबाई : व्हय.

मीनाक्षी : मग टोपी कुणी सरळ केली?

बाळाबाई : कंची टोपी?

मीनाक्षी : आक्का म्हणाल्या, मिशी तीच, बसणं तेच, फक्त टोपी सरळ. दत्तोपंतांची टोपी कधी एवढी सरळ नसायची म्हणाल्या. मी ती वाकडीच चिकटवली होती, बाबा घालायचे तशी, कानावर कललेली.

बाळाबाई : केली आसंल मीच. एवडं कुटं ध्यानात ऱ्हातंय.

मीनाक्षी : तुम्ही बाबांना रोज बघितलंय, मावशी. तुम्ही नाही करणार.

श्यामला : मी केली.

बाळाबाई : वैनी, गप बसा की जरा.

श्यामला : नाही, बोलू दे. खोकं मी भरलं. कपाट उघडलं, शाळा दिसली. वाटलं, बाळाबाईंनी करून ठेवली. खिडकीशी नेऊन नीट बघितली. मास्तरांची टोपी वाकडी होती. म्हटलं, घाईत हात चुकला असेल. ओलं बोट लावून सोडवली आणि डिंकानं परत सरळ बसवली.

मीनाक्षी : आणि तोंड? तोंड नाही बघितलंस?

श्यामला : बघितलं.

मीनाक्षी : मग?

श्यामला : काम चांगलं उतरलंय, असं वाटलं.

मीनाक्षी : आक्कांकडून घरी येताना मी मनाशी ठरवत होते. आईनं ओळखून दिली असेल, शब्द दिला होता म्हणून दिली असेल. भांडायचं आणि माफ करून टाकायचं. तू ओळखलंच नाहीस, त्याला मी काय करू?

बाळाबाई : पोरी, तिला झोप न्हाय आट दिस. मानूस हाय ती का मशीन.

मीनाक्षी : कुणी सांगितलं होतं अकरा रुखवतं घे म्हणून?

बाळाबाई : मी तर न्हाय सांगितलं. वैनी, आता राग आला तरी ऐका. सात वर्सामागं आपण म्हैन्याला दोन रुखवतं करत हुतो. सुपारीला नाक काडायचं तर ह्याचं नाक कुणासारकं करूया म्हणून हसत बसायचो. माजा ल्योक पिराजी घरी न्यायला यायचा तरी माजा पाय निगायचा न्हाय. आता? सकाळधरनं शंबर नाकं, समदी एकसारकी. मी मागल्या दिवाळीतच सांगितलंतं, चारच घ्या, जास्तीला न्हाय म्हना. तुमी म्हनला, न्हाय म्हटलं तर लोक परत दारात येत न्हाईत.

श्यामला : खरंच येत नाहीत हो.

बाळाबाई : न्हाय आले तर न्हाय आले. घरातलं मानूस वळकू येत न्हाय, आसला कसला ह्यो धंदा.

मीनाक्षी : मला बघायला पाहुणे आले, तेव्हाही ही आत सुपाऱ्यांना डोळे काढत होती. चहा मी केला, पोहे मी केले, आणि पाहुण्यांसमोर जाऊनही मीच बसले.

श्यामला : आले होते की मी बाहेर.

मीनाक्षी : आलीस. पदराला रंग लागलेला. आणि त्यांच्या आईला म्हणालीस, रुखवत लागलं तर सांगा, आम्ही करतो. आई, मुलीकडची आपण होतो.

श्यामला : म्हणाले का मी असं?

मीनाक्षी : आठवत नाही ना तुला. बाबांच्या तेराव्याचंही आठवत नसेल. लोक उठून गेले आणि चौदाव्या दिवशी तू मुंडावळ्या करायला बसलीस. मी अठरा वर्षांची होते. मला वाटलं होतं, निदान त्या दिवशी तू माझ्याजवळ बसशील.

श्यामला : ते आठवतंय. सगळं आठवतंय. हात थांबला की ते दारातून आत येतायत असं वाटायचं. चप्पल काढल्याचा आवाज सुद्धा यायचा. मग मी हात थांबवलाच नाही. एकाची दोन कामं घेतली, दोनाची चार. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे, धंदा वाढवला. मला फक्त थांबायचं नव्हतं गं. असं चार वर्षं केलं आणि एक दिवस आवाज यायचा बंद झाला. मला वाटलं, सुटले.

बाळाबाई : वैनी, ती सुई द्या हिकडं. बोटाला लागलीया बगा.

श्यामला : मी आत्ता गारगोटीची गाडी पकडते. दुसरं काहीतरी नेऊन देते त्यांना, मोठं देते. शाळा बदलून आणते.

बाळाबाई : काय बोलताय तुमी. रुखवत एकदा पोरीबरूबर सासरी गेलं, म्हंजी गेलं. ते माघारी मागायचं? काल लगीन झाल्याल्या पोरीच्या संसारातलं काडून आनायचं? तुमीच ह्या खोलीत धा जणींना सांगितलंय, दिल्यालं मोडायचं न्हाय, मागायचं न्हाय.

मीनाक्षी : नको जाऊस, आई. त्या मुलीचं काय चुकलंय. तिच्या काचेच्या कपाटात ठेवली असेल तिनं. लोक विचारत असतील, हे मास्तर कोण म्हणून. ती सांगत असेल, कुणी नाही, असंच.

श्यामला : मीनू, असं नको गं बोलूस.

मीनाक्षी : माझ्या लग्नात रुखवत मांडू नका. तिथं टेबल रिकामं राहिलं तरी चालेल.

बाळाबाई : आसं कसं चालंल? रुखवतवालीच्या लेकीचं टेबल रिकामं?

मीनाक्षी : चालेल मला.

श्यामला : बाळाबाई, इचलकरंजीचं तेवढं तयार आहे ते दुपारी द्या. बाकीच्यांना निरोप पाठवा, जमणार नाही म्हणून.

बाळाबाई : हंबीररावांनाबी? लै मोटं काम हाय त्यांचं.

श्यामला : त्यांनाही. आणि मला एक चांगली सुपारी निवडून द्या. शाळा आता व्हायची नाही, तेवढे दिवसच नाहीत. एकटे मास्तरच करते, शाळेला निघालेले. पावसाळ्यात निघायचे तसे.

मीनाक्षी : राहू दे, आई.

श्यामला : तुला लग्नात बाबा हवेत ना? मग करू दे. आज दुसरं काही करणार नाही मी. मिशी जमेल. कोटाला काळं कापड आहे. टोपीही कशी घालायची ते आता... फक्त एक सांग मला.

मीनाक्षी : काय?

श्यामला : ते छत्री कुठल्या हातात धरायचे गं? मघापासून डोळ्यांपुढं आणतेय, येतच नाहीत.

मीनाक्षी : डाव्या. उजव्या हाताला मी असायचे.