बरणीतले आलुबुखार

सासरे : ‘पोटाचं दुखणं अंगावर काढू नका, तोंड उघडून सांगत जा,’ असं तुझी सासू जाता जाता बजावून गेली होती. पण सांगायचं कुणाला? सुनेला?

सून : म्हणून बरणीतले सुके आलुबुखार चोरून खाल्लेत? अभ्रा बदलायला उशी उचलली, तर खाली बियाच बिया!

सासरे : गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या गोळ्यांनी पोट पार बांधून टाकलं. तूच बहिणीला फोनवर सांगत होतीस, त्यात चोथा असतो, हाडांना बळ येतं, पोट साफ होतं. शेवटचं तेवढं ऐकलं मी.

सून : मागितले असते तर रात्री भिजवून दिले असते, पाण्यासकट.

सासरे : ‘कशाला हवेत’ म्हणून विचारलं असतंस.

सून : विचारलं असतं, खरं आहे. गुण तरी आला?

सासरे : आला. पण चोरीच्या संशयानं तू त्या स्वयंपाकाच्या बाईची पिशवी उलटी केलीस, तेव्हापासून घास उतरत नाही.

सून : नका आठवण देऊ. इतकी वर्षं आपल्याकडे रांधतात मावशी, आणि मी शेजारणीच्या देखत...

सासरे : मी तिथंच होतो की. पेपर तोंडासमोर धरून. जिन्यात ती म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही तरी सांगा, मी हात लावलेला नाही.’ मी म्हटलं, सांगतो.

सून : आणि?

सासरे : आठवडा झाला त्याला.



सून : वरच्यांनीही त्यांना काढलं, बाबा. या इमारतीत एक घर उरलं नाही त्यांना.

सासरे : काठी दे.

सून : थांबा. ‘आलुबुखार फडताळात मागे सापडले’ असं सांगते मी सगळ्यांना. तुमचं नाव कशाला?

सासरे : मग म्हणतील, सुनेनं बाईला पांघरूण घातलं. खाणारा समोर आल्याशिवाय तिच्यावरचा डाग जायचा नाही.

सून : म्हणजे घरोघरी सांगणार? डॉक्टरांपुढे ‘ठीक आहे’च्या पुढे जात नाही तुम्ही!

सासरे : तू मावशींकडे जा. तुझी माफी तू माग, माझी मी येऊन मागेन. आधी ही घरं करतो.

सून : कुणापासून?

सासरे : वरच्या आजोबांपासून. त्यांना ऐकायला कमी येतं. मोठ्यानंच सांगावं लागेल.