जुना माल आधी

काका : एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा, डॉक्टर. माणसाने जंतूंवर विजय मिळवलेला आहे. लढाई संपली!

डॉक्टर : काका, तुम्ही काकूंच्या सलाईनच्या नळीवर बसलाय.

काका : अरेच्चा! तरीच थेंब पडेनात. मी मघापासून सिस्टरवर ओरडतोय.

डॉक्टर : खुर्चीवर बसा. आणि नीट ऐका. काकूंच्या रक्ताचा रिपोर्ट आलाय. टायफॉइडच आहे. पण आपण सुरू केलेलं औषध त्याला लागू पडत नाहीये, म्हणून ताप उतरत नाही.

काका : औषध बनावट निघालं?

डॉक्टर : औषध चांगलं आहे. हा जंतू त्याला दाद देत नाही. नेहमीच्या बऱ्याच औषधांना देत नाही.

काका : हात्तिच्या! म्हणजे हिला सवय झाली. दोन दिवस औषध बंद ठेवा, सवय मोडेल. मी तपकीर अशीच सोडली.

काकू : सोडली कुठे? उशीच्या अभ्र्यात असते.

काका : तू पडून राहा गं. आजारी आहेस तू.

डॉक्टर : सवय काकूंना नाही झाली. जंतूंना झाली, असं म्हणा हवं तर.

काका : पण जंतू हिच्यातच आहेत ना?

डॉक्टर : हो.

काका : मग हिलाच झाली की!

डॉक्टर : असं बघा. घरात उंदीर झाले. तुम्ही विष ठेवलं. काही दिवसांनी उंदीर त्या विषाने मरेनासे झाले. आता विष कोण पचवतंय, घर की उंदीर?

काका : उंदीर. पण हिला उंदीर म्हणू नका, डॉक्टर. स्वभावाने तशी नाही ती.

डॉक्टर : मी काकूंना घर म्हणाले.

काकू : एवढ्या वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं हो.

डॉक्टर : काकू, याआधी पोट बिघडलं तेव्हा कोणत्या गोळ्या घेतल्या होत्या?

काका : ते मला विचारा. घरातलं औषधखातं माझ्याकडे. कारखान्यात जन्मभर स्टोअर सांभाळलं मी. नियम दोनच. उरलेलं फेकायचं नाही, आणि जुना माल आधी बाहेर काढायचा.

डॉक्टर : गोळ्या उरतात कशा पण?

काका : जुलाब थांबले की गोळी बंद. आग विझल्यावर बंब कोण चालू ठेवतो? राहिलेल्या डब्यात. पुढच्या वेळी कुणाची धावपळ सुरू झाली की सकाळी एक, संध्याकाळी एक. थांबलं, पुन्हा डब्यात.

डॉक्टर : कुणाची म्हणजे?

काका : हिची, मुलाची, सुनेची. खालचा इस्त्रीवाला. समोरच्या बिऱ्हाडातली म्हातारी. आपल्याकडे माल पडून राहत नाही.

डॉक्टर : गोळीचं नाव सांगा.

काका : पिवळी.

डॉक्टर : नाव, काका.

काका : पाकिटं डब्यात मावेनात म्हणून कात्रीने कडा उडवल्या. नावं कडेला होती, त्याला मी काय करणार?

काकू : आणि पिवळी नव्हतीच. पिवळ्या सूनबाईंवर संपल्या. मला पांढरी दिली.

काका : लांबट का गोल?

काकू : माझा जीव संडासाच्या कडीत अडकला होता. आकार कुठे बघत बसू?

डॉक्टर : काका, पोट बिघडतं ते बहुतेक वेळा आपलं आपणच थांबतं. त्याला जंतू मारणारी गोळी लागतच नाही.

काका : म्हणजे इस्त्रीवाला माझ्या गोळीने बरा झाला नाही?

डॉक्टर : बहुतेक नाही.

काका : जिन्यात डॉक्टरसाहेब म्हणतो हो मला!

डॉक्टर : ऐका. अर्धवट गोळ्यांनी दुबळे जंतू मरतात. दांडगे उरतात. मग पिलावळ वाढते ती दांडग्यांची. आणि आतड्यात एरवी निरुपद्रवी जंतू असतात ना, तेही औषध पचवायचा हा हुन्नर उचलतात आणि दुसऱ्या जंतूंना देतात.

काका : देतात? फुकट? आमच्या सोसायटीत कुणी कुणाला शिडी देत नाही.

डॉक्टर : देतात.

काका : थांबा. म्हणजे मी दुबळे मारून दांडगे पोसले. मग हिच्या रक्तातले हे माझेच का?

डॉक्टर : तसं सांगता येणार नाही. असा दांडगा जंतू बाहेरच्या पाण्यातून आयताही आला असेल.

काका : मग माझा दोष नाही!

डॉक्टर : तसंही म्हणता येणार नाही.

काका : आहे का नाही, एक काय ते सांगा.

डॉक्टर : मला माहीत नाही, काका.

काका : तुम्ही डॉक्टर असून माहीत नाही? मी स्टोअरकीपर असून मला सगळं माहीत होतं. अगदी आज सकाळपर्यंत.

डॉक्टर : एक राखीव इंजेक्शन आहे. रिपोर्टप्रमाणे ते चालायला हवं. आता तेच सुरू करतेय.

काका : आणि नाही चाललं तर? त्याच्यामागे फळीवर काय आहे?

डॉक्टर : फारसं काही नाही.

काका : असं कसं? राखीव साठ्याच्या मागे साठा नको? नवीन मागवा!

डॉक्टर : नवीन यायला वर्षंच्या वर्षं जातात. आहेत ती आपण भराभर निकामी करतो. मी इंजेक्शन घेऊन येते. तोवर तुमच्या डब्यातलं कुणाला काही देऊ नका. काकूंना तर मुळीच नको.

(डॉक्टर जाते.)

काका : अगं, ऐकलंस?

काकू : ऐकलं. तुम्ही मला दोन दिसताय. एकानेच बोला.

काका : ताप चढला वाटतं. हात बघू. अगं, लग्न झाल्यापासून तुझं दुखलंखुपलं मीच बघितलं. कधी चुकवलं का? रात्री उठून पाणी दिलं, गोळी दिली...

काकू : दिलीत हो.

काका : आता ही डॉक्टर म्हणते, तेच चुकलं. नाही, तसंही म्हणत नाही. काय म्हणते तेच कळत नाही. घर कोण, उंदीर कोण, माझं डोकंच चालेनासं झालंय. तू मात्र जायबियचं नाहीस हं.

काकू : जातेय कुठे? हाताला दोरी बांधलीय.

काका : थट्टा नको गं. ते इंजेक्शन चाललं नाही तर मी काय करायचं?

काकू : मला काय ठाऊक? जरा जवळ या.

काका : आलो. काय होतंय? डॉक्टरांना हाक मारू?

काकू : नको. पाठीला कधीची खाज सुटलीय. जरा खाजवा. तिथे नाही हो, खाली.