उचलाले येईन एवढं वजन

माहं माहेर तेल्हाऱ्याकडचं, अकोला जिल्ह्यातलं, आमी बहिनी कापूस वेचत वेचतच मोठ्या झालो, अन् लगीन होऊन मी आली इकडं वरुडले, इथं समदं संत्र्याचं काम, गोदामात बायका संत्रे निवडते, मीबी त्याईतलीच, अन् मानसं संत्र्यानं भरलेले कॅरेट उचलते, बायकाईनं उचलाचं नाई अन् मानसाईनं निवडाचं नाई, असंच चालत आलं. आमचे हे हमाल होते. कसे होते काय सांगू तुमाले, दोन भरलेले कॅरेट एका दमात छातीशी घेत, हातात घेतलं का वजन सांगत, अन् स्वतःचंबी तसंच सांगत, म्हने मी तीन कॅरेटाचा मानूस.

मंग ते ट्रकवरून पडले. थप्पी लावता लावता पाय सटकला, पाठीवर आपटले, कमरेखालचं समदं गेलं. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यातून घरी आनलं तवा डाक्टरनं म्हनलं बाई आता असंच राहीन, मी म्हनलं राहू द्या, मानूस तं हाये. पन मानूस हाये म्हनजे त्याले संडासले न्या लागते, उन्हात बसवा लागते, अन् हे अंगानं दांडगे, मले तं कूसबी बदलवता येये ना. शेजारचे दादाराव येत सकाळ-संध्याकाळ, उचलून नेत, कधी तोंड वाकडं केलं नाई त्याईनं. पन आमच्या ह्याईले लाज वाटे. दादाराव गावाले गेले का हे दिवसभर पानी पेत नसत, पोट धरून पडून राहत. एक डाव बाजेवरच झालं, तं दिवसभर भिताडाकडं तोंड करून राहिले. त्या दिवशी मी ठरवलं, आपनच उचलाचं, आपल्या मानसाले आपनच न्याचं अन् आंगनात निंबाखाली बसवाचं, दुसऱ्याचा हात नाई लागू द्याचा.

आता माहं वय पाहा, पोरी लगीन होऊन आपआपल्या घरी गेल्या, अन् मी निघाली तालीम कराले. गव्हाच्या रिकाम्या कट्ट्यात रेती भरली अन् रोज सकाळी चूल पेटवाच्या आधी तो उचलाचा नेम धरला. पयल्या दिवशी कट्टा हललाच नाई. हे बाजेवरून पाहत होते, म्हने काहून मराले चालली, कंबर वाकवू नको, गुडघ्यात बस, ओझं छातीशी घे, श्वास कोंडू नको, टाचेवर जोर दे अन् उठ. असे मले शिकवत. किती महिन्यानं तो मानूस काई शिकवून राहिला होता, मले लय बरं वाटलं. म्हने आज टाक ओंजळभर रेती अजून, नाईतं म्हने आज नको, तुहे हात थरथरून राहिले. शेजारनी म्हनत सुमनबाई कुस्ती खेळते का आता, म्हनू द्या. आंग दुखे, ताप येये, पन मी नेम मोडला नाई, सनावाराले नाई का पाहुने आल्यावर नाई.

मंग एक दिवस उचललं मी त्याईले. एक हात पाठीखाली, एक गुडघ्याखाली, ते म्हने श्वास सोड, अन् उठली तं उठलीच. आंगनात नेऊन खुर्चीत बसवलं, दोघंबी हासलो अन् दोघंबी रडलो. दादारावले सांगतलं, भाऊ तुमी लय केलं, आता राहू द्या. मले एवढा गर्व झाला, खोटं काहून बोलू.

त्याच गर्वात गोदामात गेली, हमालाईले म्हनलं सरका, आज मी उचलतो, माहा मानूस तीन कॅरेटाचा हाये, मले दोनाचं काय. त्याईनं भरलेले दोन एकावर एक ठेवून देले. मी गुडघ्यात बसली, छातीशी घेतले, जसं शिकवलं तसंच केलं, अन् ते जागचे हललेबी नाई. हमाल हासले, बायका हासल्या. मी नाई हासली. काम तसंच टाकून घरी निघाली, रस्त्यानं डोक्यात एकच, अवं मंग सकाळी मी काय उचललं.

दुपारच्या टायमाले मी कधी घरी नसो, भाकर त्याईच्या उशापाशी झाकून ठेवून जाओ. त्या दिवशी पाह्यलं तं बाजेपाशी गल्लीतलं कुत्रं बसेल होतं, अन् हे भाकर मोडून मोडून त्याले घालून राहिले. कुत्रं कसं तुकतुकीत झालं होतं, रोज डोळ्यासमोर असे अन् माह्या ध्यानात नाई आलं, हे वाळत चालले, रातीबी भूक नाई म्हनत, ते मी दुखन्याचंच समजली. मी म्हनलं हे काय चालवलं, कवापासून. तं शांतपने म्हने, तूनं तुहा नेम धरला, मी माहा धरला, तीन कॅरेट तुह्यानं कधीच उचलले नसते, तू वर येत गेली, मी खाली येत गेलो, मधात भेट झाली. असं म्हनले बाप्पा. मी तितंच खाली बसली, कुत्र्यालेबी हाकलनं झालं नाई.

आता दुपारी मी कुठं जात नाई, समोर बसून एकेक घास चारतो. पन आतडे सुकले, दोन घास जास्त गेले का उलटी होते, पाठीवर जखमा झाल्या, डाक्टर म्हने उशीर झाला बाई, गेलेलं मांस नाई भरत आता. उचलतो तवा माह्या हाताले हाडं लागते. रोज कालच्यापेक्षा हलके लागते, अन् ते माह्या तोंडाकडं पाहते, त्याईलेबी समजते, जनमभर वजनच पाह्यलं त्या मानसानं. कट्टा मी सोडला नाई अजून, रोज सकाळी उचलतो, ओंजळभर रेती टाकतो. लोक म्हनते आता काहून, मानूस तं उचलला जाते तुह्यानं. खुर्चीत ठेवतानी फक्त त्याईच्या कानापाशी म्हनतो, जड व्हा, एवढे जड व्हा का माह्यानं उठवनं होऊ नाई, अन् मले पुन्हा दादारावले हाक मारा लागो.